पदोन्नतीचे निकष आणि काशीचा अनुभव

विद्यापीठातील अध्यापकांची पदोन्नती हा विषय सर्वसामान्य वाचकाला कंटाळवाणा वाटतो. वेतनस्तर, परिशिष्टे, तक्ते, शासननिर्णय आणि शुद्धिपत्रके यांच्या जंजाळात तो असा गुरफटलेला असतो की, हा अध्यापकांचा आणि त्यांच्या संघटनांचा घरगुती प्रश्न आहे, असेच कोणालाही वाटावे. वस्तुस्थिती निराळी आहे. आपल्या मुलांना कोण शिकवणार, काय शिकवणार आणि शिकवताना त्याला कोणाची भीती वाटणार, हे अखेर याच तक्त्यांतून ठरते. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुका आणि पदोन्नती यांसंबंधीच्या नव्या विनियमांचा मसुदा जाहीर केला, तेव्हा बहुतेक चर्चा कुलगुरूंची निवड कोणाच्या हाती राहणार, या एकाच मुद्द्याभोवती फिरली. संघराज्याच्या दृष्टीने तो मुद्दा मोठा होता, यात शंका नाही. पण त्याच मसुद्यात पदोन्नतीची कसोटीच बदलण्याचा प्रस्ताव होता. हे दोन्ही बदल एकत्र वाचले तरच त्यांचा खरा अर्थ लागतो.

मी हा प्रश्न वाराणसीतून पाहतो. निवृत्तीनंतर येथे स्थायिक झालो, एवढेच त्याचे कारण नाही. काशी हिंदू विश्वविद्यालय हे या विषयाच्या अभ्यासकासाठी एक जिवंत दप्तरखाना आहे. संस्थापकाच्या पारखी नजरेने होणाऱ्या नेमणुका, संसदेच्या कायद्याने झालेली अध्यापकांची झाडाझडती, सर्वोच्च न्यायालयातील झगडा, कालबद्ध बढत्या, गुणांचे तक्ते आणि आता पुन्हा 'गुणात्मक' मूल्यमापन, अशा सर्व अवस्था या एकाच परिसराने शंभर वर्षांत पाहिल्या आहेत. धोरण आखणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहण्यापूर्वी लंका चौकातले हे सिंहद्वार ओलांडून आत जायला हरकत नाही.

पारखी नजरेचा काळ

विश्वविद्यालयाचा कायदा १९१५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९१६ रोजी कोनशिला बसली. पंडित मदनमोहन मालवीय १९१९ पासून १९३८ पर्यंत कुलगुरू होते. त्या काळात निवडीचे लिखित निकष थोडके आणि मालवीयांची नजर हाच मोठा निकष होता. केम्ब्रिजहून परतलेले कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ मध्ये वयाच्या पंचविशीच्या आतच गणित विभागाचे प्रमुख झाले. पुढे सुमारे तीन दशके त्यांनी येथे सापेक्षतावादाच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. जयंत नारळीकरांचे बालपण याच परिसरात गेले. कोल्हापूर भागातलेच अनंत सदाशिव अळतेकर प्राचीन भारतीय इतिहास आणि संस्कृती विभागाचे प्रमुख होते. राष्ट्रकूटांचा इतिहास, प्राचीन भारतातील शिक्षण आणि हिंदू समाजातील स्त्रीचे स्थान हे त्यांचे तीनही ग्रंथ १९३० च्या दशकातले. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासात माझ्या पिढीने ते वाचले आणि आजही ते संदर्भासाठी उघडले जातात.

आजच्या विनियमांनुसार पीएच.डी. घेऊन सेवेत आलेल्या सहायक प्राध्यापकाला पायरी-पायरीने चढत प्राध्यापक होण्यास किमान पंधरा वर्षे लागतात: चार, पाच, तीन आणि तीन. पंचविशीच्या आतला विभागप्रमुख ही गोष्ट आज कल्पनेतही बसणार नाही. तरीही त्या काळाचे गोडवे गाऊन थांबणे योग्य होणार नाही. पारखी नजर ही व्यक्तीबरोबर येते आणि व्यक्तीबरोबर जाते. मालवीयांच्या जागी नजर नसलेला, किंवा नजर असून मन कोते असलेला माणूस आला, तर त्याच मोकळ्या अधिकाराचे काय होईल, याचा विचार त्या व्यवस्थेत नव्हता. या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पिढीला मिळाले.

१९५८ ची झाडाझडती

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात विश्वविद्यालयात गटबाजी वाढली, आंदोलने झाली आणि १९५७ मध्ये डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीने अध्यापकांच्या राजकारणावर कठोर टीका केली. तिच्या अहवालापाठोपाठ १९५८ मध्ये आधी अध्यादेश आणि मग दुरुस्ती कायदा आला. विश्वविद्यालयाची सत्ता कार्यकारी परिषदेत एकवटली आणि ती परिषद व्हिजिटर, म्हणजे राष्ट्रपती, यांनी नामनियुक्त केलेल्या सदस्यांची झाली. त्याबरोबर एक विलक्षण तरतूद करण्यात आली. एखादी व्यक्ती पदावर राहणे विश्वविद्यालयाच्या हिताला बाधक आहे असे कार्यकारी परिषदेला वाटले, तर ते प्रकरण भारताच्या सॉलिसिटर जनरलांकडे जाणार आणि त्यांना त्यात प्रथमदर्शनी तथ्य दिसले, तर पुनर्विलोकन समिती त्याची तपासणी करणार.

कागदावर ही प्रक्रिया तशी काळजीपूर्वक आखलेली होती. अध्यापकाला आपली बाजू मांडण्याची संधी तीत होती. पण १९६० मध्ये काही अध्यापकांच्या बाबतीत ही वाट मध्येच सोडून देण्यात आली आणि सर्वसाधारण नियमाखाली, नोटिशीच्या बदल्यात वेतन देऊन त्यांची सेवा संपवण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'अक्षयबर लाल विरुद्ध कुलगुरू, बनारस हिंदू विश्वविद्यालय' या १९६१ च्या निकालात न्यायालयाने अध्यापकांच्या बाजूने कौल दिला. आरोपांच्या चौकशीसाठी विशेष प्रक्रिया घालून दिलेली असताना आणि ती सुरूही झालेली असताना, ती टाळण्यासाठी साध्या सेवासमाप्तीच्या अधिकाराचा आडोसा घेता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. भारतात अध्यापकाच्या सेवेच्या शाश्वतीची चर्चा करताना परदेशी उदाहरणे ढीगभर दिली जातात. हा आपल्या घरातला निकाल मात्र क्वचितच आठवतो.

त्याच १९६० मध्ये हिंदी विभागाचे प्रमुख आचार्य हजारीप्रसाद द्विवेदी यांनाही विश्वविद्यालयातून दूर करण्यात आले. ते चंडीगढला पंजाब विद्यापीठात गेले आणि १९६७ मध्ये पुन्हा काशीत परतले. त्यांचे शिष्य नामवर सिंह यांनी १९५९ मध्ये चंदौली भागातून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. त्यात ते पराभूत झाले आणि बनारसमधील त्यांचे अध्यापनही थांबले. पुढे १९७० च्या दशकात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी भारतीय भाषांचे केंद्र उभे केले. काशीने ज्यांना घालवले, त्यांच्यामुळे चंडीगढ आणि दिल्लीचे हिंदी विभाग मोठे झाले. अध्यापकाला घालवून शिस्त आणू पाहणाऱ्या काशीत शिस्तही आली नाही. अवघ्या बारा वर्षांत, १९६९ मध्ये, दुसरी चौकशी समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष होते माजी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

गुणांचे राज्य

पुढच्या काळात देशभर वेगळाच प्रश्न उभा राहिला. विद्यापीठात अधिव्याख्यात्यांच्या जागा पुष्कळ, प्रपाठकांच्या थोड्या आणि प्राध्यापकांच्या त्याहून थोड्या. पात्र माणसे वर्षानुवर्षे एकाच पदावर कुजत होती. त्यावर १९८० च्या दशकात गुणवत्ता पदोन्नती आणि मग मेहरोत्रा समितीनंतर कारकीर्द प्रगती योजना आली. जागा रिकामी नसली तरी अध्यापकाला वैयक्तिक बढती मिळू लागली. हा बदल न्याय्य होता. पण सेवेची वर्षे भरली की बढती, असे त्याचे रूप होत गेल्याने 'गुणवत्तेचे काय?' हा प्रश्न आला. त्याचे उत्तर म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला. अध्यापकांच्या बोलण्यात तो 'एपीआय' म्हणून रुळला.

या निर्देशांकाने अध्यापकाच्या आयुष्यातील प्रत्येक हालचालीला गुण दिले. संदर्भित नियतकालिकातील शोधनिबंधाला १५. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला ५०, राष्ट्रीय पातळीवरच्या प्रकाशकाच्या ग्रंथाला २५ आणि स्थानिक प्रकाशकाच्या ग्रंथाला १५. म्हणजे दहा वर्षे खपून लिहिलेला आणि पुण्याच्या, नागपूरच्या किंवा बनारसच्या एखाद्या छोट्या प्रकाशकाने काढलेला ग्रंथ हा एका शोधनिबंधाच्या तोलाचा. अळतेकरांचे ग्रंथ पुण्यातून आणि बनारसमधून प्रसिद्ध झाले होते. या तक्त्यात त्यांना किती गुण मिळाले असते, हा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

सेवेत असताना काही वर्षे एका राज्य विद्यापीठाच्या पदोन्नतीच्या बैठकांना शासनाचा प्रतिनिधी म्हणून बसण्याचे काम माझ्याकडे होते. त्या बैठकांत टेबलावर उमेदवारांच्या फायली रचलेल्या असत. काही फायली इतक्या जाड, की त्या आणण्यासाठी शिपायाला दोन फेऱ्या माराव्या लागत. त्यांत चर्चासत्रांची प्रमाणपत्रे, त्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, स्मरणिकांतील लेख, कार्यशाळेत उपस्थित राहिल्याचे दाखले असे सगळे असे. समितीचा वेळ बेरजा तपासण्यात जाई. तीन तासांच्या बैठकीत उमेदवाराने लिहिलेल्या एखाद्या निबंधातले एक पानही कोणी वाचल्याचे मला आठवत नाही. एकदा रसायनशास्त्राच्या एका अध्यापकाची पातळ फाइल समोर आली. प्रथम वर्षाचे वर्ग आणि प्रयोगशाळा त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळल्या होत्या, हे समितीतील विभागप्रमुखांनी आवर्जून सांगितले. पण या कामाला असलेले गुण सर्वांना सारखेच मिळत होते, त्यामुळे त्याने बेरजेत फरक पडत नव्हता. प्रकरण पुढच्या वर्षावर गेले. नियमाप्रमाणे निर्णय बरोबर होता आणि ते गृहस्थ काही न बोलता उठून गेले.

जेथे प्रत्येक निबंधाला भाव मिळतो, तेथे निबंधांचा बाजार भरणारच. पैसे भरा आणि आठ दिवसांत छापून घ्या, अशी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. या बाजाराचे सर्वांत स्पष्ट निदान पुण्यात झाले, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील नियतकालिकांची तपासणी केली आणि मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ती प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत शिरलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असल्याचे दिसले. पुढे दोनच महिन्यांत आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. पण त्यांत छापलेल्या निबंधांवर मिळालेल्या बढत्या वगळता येत नव्हत्या.

जुलै २०१८ च्या विनियमांनी पदोन्नतीसाठीचा हा निर्देशांक मागे घेतला. शिकवण्याचे मूल्यमापन सोपे केले: नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा अधिक तास घेतले तर 'चांगले', ७० ते ८० टक्के घेतले तर 'समाधानकारक'. वर्गात काय घडले, याच्याशी या टक्केवारीचा काहीही संबंध नाही, हे वेगळे सांगायला नको. संशोधनाच्या बाबतीत संख्या राहिलीच. विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी सात प्रकाशने आणि प्राध्यापक होण्यासाठी दहा. दुखणे शिकवण्याच्या दर्जाचे आणि उपाय छापील कागदांवर. 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' म्हणतात, तो प्रकार.

आकड्यांची दुसरी बाजू

तरीही आकड्यांची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गुणांचा तक्ता आला, तेव्हा अनेक तरुण अध्यापकांनी त्याचे मनापासून स्वागत केले होते. त्यांत दलित, आदिवासी, इतर मागासवर्गीय अध्यापक होते, ग्रामीण महाविद्यालयांतून आलेले होते, आणि ज्यांच्या मागे कोणी 'गुरू' उभा नव्हता अशा स्त्रियाही होत्या. आकडा आंधळा असतो. पण तो आडनाव विचारत नाही. 'तुमचे गुण भरतात, तुम्हाला डावलता येणार नाही', हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच ऐकायला मिळत होते. 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा एका ओळीचा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवण्याविषयीची तक्रार आजही संपलेली नाही. अशा वेळी 'आता संख्या नको, गुणात्मक मूल्यमापन करू' असे कोणी म्हणाले, तर या अध्यापकांना पहिला प्रश्न पडतो तो असा की, ते मूल्यमापन करणार कोण?

महाराष्ट्राला या अविश्वासाचा दीर्घ अनुभव आहे. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेटविना नियुक्त झालेल्या अध्यापकांना कारकीर्द प्रगतीचे लाभ कोणत्या तारखेपासून द्यायचे, हा वाद शासननिर्णय, आंदोलने आणि न्यायालये यांतून वर्षानुवर्षे फिरत राहिला. त्यांतील कित्येक जण निकालाची वाट पाहत निवृत्तही झाले. धोरणातील एका तारखेचा असा परिणाम माणसाच्या सबंध आयुष्यावर होतो.

नवा मसुदा आणि जुना प्रश्न

२०२५ चा मसुदा गुणांचे तक्ते बाजूला ठेवतो आणि 'लक्षणीय योगदाना'ची नऊ क्षेत्रे सांगतो. वरच्या पदासाठी त्यांपैकी किमान चार क्षेत्रांत काम दाखवायचे. नावीन्यपूर्ण अध्यापन, प्रयोगशाळेचा विकास, भारतीय भाषांतून अध्यापन, भारतीय ज्ञानपरंपरा, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन, ऑनलाइन अभ्यासक्रम, समाजसेवा, प्रायोजित संशोधन आणि नवउद्योग यांचा त्यांत समावेश आहे. यातील हेतू चांगला आहे. वीस वर्षे प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याला निदान या यादीत जागा आहे. पण पाली शिकवणाऱ्या अध्यापकाने नवउद्योग कोठून काढावा आणि सैद्धांतिक गणित करणाऱ्याने कोणाकडून सल्ल्याचे पैसे आणावेत? नऊपैकी चार निवडण्याची मुभा आहे हे खरे. पण काही विषयांना नऊ दारे उघडी आहेत आणि काहींना जेमतेम चार, ही विषमता त्या मुभेने झाकली जात नाही.

भारतीय भाषांना दिलेले स्थान मात्र मनापासून स्वागतार्ह आहे, आणि ते काशीत बसून वाचताना मराठी वाचकाला एक जुनी कथा आठवेल. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहायला घेतली. परंपरा सांगते की, प्राकृतात केलेल्या या धाडसावर काशीच्या विद्वानांनी आक्षेप घेतला आणि नाथांना पाचारण केले. नाथ आले, त्यांनी ग्रंथ समोर ठेवला, तो ऐकला गेला आणि अखेर मान्य झाला. १५७३ मध्ये हा ग्रंथ काशीतच पूर्ण झाला. या कथेत मला महत्त्वाचा वाटतो तो त्यातला क्रम. आक्षेप होता, पूर्वग्रहही होता. पण परीक्षकांनी ग्रंथ ऐकला आणि मग मत दिले. भारतीय भाषांतील लेखनाला नुसते 'प्रोत्साहन' देऊन भागणार नाही. त्या भाषेत ते वाचून परखड मत देऊ शकणारे तज्ज्ञ समितीवर असले पाहिजेत. अन्यथा मराठीतला उत्तम ग्रंथ आणि मराठीतली उचलेगिरी यांना एकच शेरा मिळेल.

आता दोन बदल एकत्र वाचू. तक्ते गेले की निर्णय निवड समितीच्या विवेकावर येतो. समितीचे अध्यक्ष कुलगुरू असतात आणि बाहेरचे तज्ज्ञ अधिकार मंडळाने मंजूर केलेल्या यादीतून तेच निवडतात. मसुदा कुलगुरूंच्या निवडीत कुलपतींचा वाटा वाढवतो. म्हणजे एका बाजूला समितीचा विवेकाधिकार वाढतो आणि दुसऱ्या बाजूला त्या समितीच्या प्रमुखाची नेमणूक वरच्या एका टोकाकडे सरकते. आणि यादी मंजूर करणारे अधिकार मंडळच जागेवर नसेल तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या कार्यकारी परिषदेची मुदत २०२१ मध्ये संपली आणि तिचे पुनर्गठन व्हायला काही वर्षे गेली. मधल्या काळात अनेक निर्णय कुलगुरूंच्या विशेषाधिकाराखाली होत राहिले. एखादा कुलगुरू कितीही सज्जन असो, ज्या परिषदेपुढे दाद मागायची तीच नसेल, तर अध्यापकाने जायचे कोठे?

एका कुंपणातील दोन व्यवस्था

पर्यायी व्यवस्था पाहायची असेल, तर याच परिसरात काही पावले चालावे लागते. विश्वविद्यालयाची जुनी तंत्रशिक्षण संस्था २०१२ मध्ये संसदेच्या कायद्याने आयआयटी झाली. तेथे कारकीर्द प्रगती योजना नाही. वरच्या पदासाठी खुली जाहिरात निघते, उमेदवाराच्या कामावर बाहेरच्या जाणकारांची लेखी मते मागवली जातात आणि मग समिती निर्णय घेते. किती छापले यापेक्षा काय छापले, हा प्रश्न तेथे निदान विचारला तरी जातो. या पद्धतीलाही दोष आहेत; ओळखीपाळखीची मते तिथेही पोहोचतात. पण एकाच रस्त्याच्या एका बाजूला कागद मोजले जातात आणि दुसऱ्या बाजूला कागद वाचले जातात, हे दृश्य धोरणकर्त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहावे असे आहे.

शाश्वती कोणाची?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये 'टेन्युअर' हा शब्द आला आहे. परिविक्षेनंतर अनेक निकषांवर, सहकारी आणि विद्यार्थी यांच्या मतांसह, अध्यापकाला कायम करावे, अशी ती कल्पना. हा शब्द अमेरिकेतून आला असल्याने तेथील मूळ करार समजून घेतला पाहिजे. तेथील अध्यापक संघटना आणि महाविद्यालये यांनी मान्य केलेल्या १९४० च्या निवेदनानुसार परिविक्षा सात वर्षांहून लांबवायची नाही. त्या अवधीत कठोर परीक्षा घ्यायची, आणि एकदा कायम केले की मतांसाठी कोणाला काढायचे नाही. कठोर परीक्षा आणि पक्की शाश्वती, अशी ती जोडी आहे. ब्रिटनने याउलट १९८८ च्या कायद्याने शाश्वतीच काढून घेतली. ती ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांची टिकली. पण २० नोव्हेंबर १९८७ नंतर त्यांनी बढती स्वीकारली, तर तीही जात असे. बढती हवी की निर्भयता, असा पर्याय अध्यापकापुढे ठेवणारी ती व्यवस्था होती.

आपल्याकडे परिविक्षा एक वर्षाची, फार तर आणखी एक वर्षाची. ती बहुधा आपोआप पार पडते. खरी चाळणी त्याच्या आधी लागते आणि ती गुणवत्तेची नसते, जागेच्या उपलब्धतेची असते. दाराच्या आत असलेल्यांना एका वर्षात शाश्वती मिळते. दाराबाहेर उभे असलेल्यांना दहा-दहा वर्षे कंत्राटी, अतिथी किंवा महाराष्ट्राच्या भाषेत 'तासिका तत्त्वावर' राबावे लागते. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी प्रतितास १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला; कित्येक ठिकाणी तोही मिळत नाही. या अध्यापकांचे मूल्यमापन कोणी करत नाही, कारण त्यांना बढतीच नाही. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना वेतन नाही आणि पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईल याची खात्री नाही. अशा अध्यापकाने वर्गात एखादे अप्रिय सत्य सांगावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? २०१८ च्या विनियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात, अशी मर्यादा होती. ती पाळली जात नव्हती हे खरे. पण न्यायालयात दाखवायला एक ओळ तरी होती. २०२५ च्या मसुद्यात ती ओळ नाही. पदोन्नतीचे निकष कितीही सुंदर केले, तरी ज्यांना नेमणूकच नाही त्यांना त्यांचा काय उपयोग?

काय करता येईल?

पहिली गोष्ट, मोजणे थांबवून वाचणे सुरू करावे. उमेदवाराने आपल्या आयुष्यातील उत्तम अशी पाचच कामे सादर करावीत, कोणत्याही भाषेतील. ती विद्यापीठाबाहेरच्या तीन जाणकारांकडे जावीत आणि त्यांनी सकारण लेखी मत द्यावे. पाचाची मर्यादा घातली की सहाव्या निकृष्ट निबंधाला ग्राहक उरत नाही.

दुसरी गोष्ट, शिकवण्याचे मूल्यमापन हजेरीपटावर सोडू नये. वर्ग पाहणे, अध्यापनाचे साहित्य पाहणे आणि उत्तीर्ण होऊन गेलेल्या विद्यार्थ्यांची मते विचारणे हे कष्टाचे आहे. पण अशक्य नाही. सध्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या मतांवर बढती ठरवली, तर गुण सढळ हाताने वाटले जातील, म्हणून माजी विद्यार्थी.

तिसरी गोष्ट, प्रत्येक निर्णयामागची कारणे लिहून ती उमेदवाराला द्यावीत. 'योग्य आढळला नाही' हे कारण नव्हे, तो निष्कर्ष आहे. कोणत्या कामात काय उणे आढळले, हे लिहिणे बंधनकारक झाले, तर आकड्यांनी दिलेले संरक्षण आकड्यांशिवायही देता येईल. त्यावर विद्यापीठाबाहेरच्या समितीकडे ठरावीक मुदतीत अपील असावे. कार्यकारी परिषद किंवा व्यवस्थापन परिषद अस्तित्वात नसताना नेमणुका व बढत्यांची तज्ज्ञ-यादी विशेषाधिकाराने मंजूर करता येऊ नये; आणि परिषद वेळेत गठित करण्याची जबाबदारी ज्या मंत्रालयाची, त्याला कायद्याने मुदत असावी.

चौथी गोष्ट, परिविक्षा तीन वर्षांची करावी. मात्र ती एकट्या अध्यापकाची परीक्षा नसावी. दरवर्षी लेखी अभिप्राय द्यावा, तिसऱ्या वर्षाअखेर निर्णय झालाच पाहिजे आणि न झाल्यास अध्यापक कायम मानला जावा. याला आक्षेप येईल की, भीतीचा काळ एकाचा तीन वर्षे होईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कंत्राटी नेमणुकांवरील १० टक्क्यांची मर्यादा परत आणून ती अनुदानाशी जोडावी, आणि पूर्वी केलेली कंत्राटी सेवा परिविक्षेत धरावी. पाच वर्षे तासिका तत्त्वावर शिकवलेल्या माणसाला पुन्हा उमेदवारी करायला लावण्यात काही शहाणपण नाही.

यातील कशालाही मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि आपल्या सहीखाली मत नोंदवण्याची तयारी. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: आकडा मागण्यामागे बहुतेक वेळा वस्तुनिष्ठतेची ओढ नसते, तर निर्णयाची जबाबदारी अंगावर न घेण्याची सोय असते. आणि आकडा नको म्हणण्यामागेही कधी कधी कोणाला उत्तर न देण्याची सोय असते. या दोन्ही सोयी काढून घेणारा नियम करणे, हे नव्या विनियमांचे खरे काम आहे. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काशीतील अध्यापकांना फार काही दिले नव्हते. घालून दिलेली प्रक्रिया पाळा, एवढेच विश्वविद्यालयाला बजावले होते. साठ वर्षांनंतरही देशातील हजारो अध्यापकांचे मागणे त्याहून मोठे नाही. आपले काम कोणीतरी वाचावे, वर्ग कोणीतरी पाहावा आणि जो काही निर्णय होईल त्याचे कारण आपल्याला कळावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.